चार करवंट्या पाला

मी दवाखान्यात आहार सांगते असं कळलं की मालवणात माणसं नकळत आपलं ताट स्वतःकडे ओढून घेतात. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला कोणी तयार नसतं. मी त्यांच्या पानातला भात मोजणार अशी त्यांची समजूत असते. ती अगदीच चुकीची नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला कामातले हृद्य अनुभव लिहायला सांगितले आहेत. हृद्य असं फारसं काही घडलेलं नाही. पाला मात्र पुष्कळ घडला आहे, म्हणून त्याच्याबद्दल लिहिते.

आधी काम काय ते सांगते. डॉक्टर रोग्याच्या कागदावर लिहितात: भात इतके ग्रॅम, तेल इतके ग्रॅम, कच्च्या पानांचं सलाड शंभर ग्रॅम. रोगी तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी येतो. त्याच्या घरात वजनकाटा नसतो, शेजाऱ्याकडे नसतो, आणि ग्रॅम हा प्रकार त्याने फक्त मुलाच्या गणिताच्या पुस्तकात पाहिलेला असतो. त्या ग्रॅमचं मी त्याच्या स्वयंपाकघरात जे काही आहे त्यात रूपांतर करून द्यायचं. आमच्याकडे प्रत्येक घरात सापडणारं भांडं म्हणजे करवंटी, बोलीत करटी. म्हणून माझी सगळी विद्या करवंटीत मावलेली आहे.

तांदळाचं सोपं आहे. करवंटी भरली, वरून हात फिरवला, की कोणाच्याही घरी जवळपास तेवढंच वजन भरतं. तेल चमच्यात बसतं. बांगडा तर जन्मतःच मापात येतो. पाल्याचं तसं नाही. पाल्यात अर्धीअधिक हवा असते, आणि ती किती ठेवायची हे भरणाऱ्याच्या हातावर असतं. एकाच करवंटीत एक बाई चिमणीला पुरेल एवढा पाला भरते आणि दुसरी म्हशीला पुरेल एवढा. दोघीही शपथेवर सांगतात की करवंटी भरलेली होती, आणि दोघीही खरं बोलतात.

बाजारातही सोय नाही. आमच्याकडे मासळी वाट्यावर मिळते आणि भाजी जुडीवर. आतल्या गावांतून बायका मुळा, मेथी, कांद्याची पात घेऊन येतात. जुडी किती जाड असावी हे त्यांच्या मुठीवर ठरतं आणि थोडंफार त्यांच्या मर्जीवर. एकीला मी एकदा विचारलं की ही जुडी वजनाला किती भरेल. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बाईनू, भाजी करतलास काय विमानात घालतलास?"

डॉक्टरांचा तक्ता शहरातून छापून आलेला होता. त्यात सलाडसाठी लेट्यूसची पानं घ्यावीत असं होतं. लेट्यूस तेव्हा मालवणच्या बाजारात कोणी पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं होतं, चित्रात, आणि ते मला मन न लागलेल्या कोबीसारखं वाटलं होतं. मी ते खोडून कोवळा मुळ्याचा पाला, कांद्याची पात, कोवळी मेथी आणि कोथिंबीर असं लिहिलं. आता यांचे शंभर ग्रॅम म्हणजे किती, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. वजन करून पाहणं भाग होतं.

दवाखान्याच्या कोठीत काटा होता, पण तो तांदळाच्या पोत्यांचा. त्याच्यावर मुळ्याचा पाला ठेवला तर काटा जागचा हलत नसे. बारीक वजन दाखवणारा काटा सगळ्या दवाखान्यात एकच, बाळंतिणींच्या खोलीतला, नवजात बाळं तोलायचा. सिस्टरची परवानगी काढून मी दुपारी निवांत वेळ बघून तिथे गेले. पाला धुऊन, निथळून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून नेला होता, कारण काटा स्वच्छ राहायला हवा. मी ते गाठोडं अलगद काट्याच्या पाळण्यात ठेवलं आणि वाकून काटा बघू लागले. पलीकडच्या खाटेवरच्या बाळंतिणीची सासू उठून मागे येऊन उभी राहिली.

"चेडू काय झील?" तिने विचारलं, म्हणजे मुलगी की मुलगा.

"मुळो," सिस्टर म्हणाली.

म्हातारी परत जाऊन बसली. पुढे त्या खोलीत सगळ्याजणी माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघत.

त्या काट्यावर माझा हिशोब असा निघाला: चिरलेला पाला हाताने न दाबता, पडेल तसा भरला, तर चार करवंट्यांचे साधारण शंभर ग्रॅम होतात. मी खूश होऊन तक्त्यात "चार करवंट्या" असं लिहून टाकलं. तोपर्यंत मी मूठ हे माप वापरून पाहिलं होतं आणि त्यात हात पोळून घेतले होते. एका बाईला मी चार मुठी पाला सांगितला, तर ती रोज नवऱ्याला समोर बसवून त्याच्या मुठीने मोजून घ्यायची. तो खलाशी होता, त्याची मूठ म्हणजे लहान नारळ. मी म्हटलं, अहो, तुमच्या मुठीने मोजायचं. ती म्हणाली, "खातलो तो, मगे मूठ माझी कशाक?" मी तक्त्यातून मूठ खोडली. एका मास्तरांना कुठलंच भांडं पटलं नाही, त्यांना पानांची संख्या हवी होती. मी कंटाळून एक आकडा सांगितला तो मेथीसाठी. त्यांनी तो कोथिंबिरीला लावला आणि मोजता मोजता शाळेची घंटा चुकवली. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. ते त्यांनी सांगायला नको होतं.

अशा वेळी बाबी तांडेल दवाखान्यात आला.

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. बाबीकाका पन्नाशी ओलांडलेला, खारवलेल्या लाकडासारखा माणूस. मधुमेह किती वर्षं होता कोणास ठाऊक, कळला तो डाव्या पायाच्या अंगठ्यामुळे. कालवाचं कवच लागलं, जखम झाली, आणि ती भरेना. डॉक्टर घाटावरचे, तरुण, पण समंजस. त्यांनी स्पष्ट सांगितलं की गोळ्या देतो, पण जेवणातला भात कमी झाला पाहिजे. साखर उतरली तर जखम भरेल. नाही उतरली तर गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन अंगठा काढावा लागेल.

दुसऱ्या कोणाचा अंगठा असता तर एवढं नव्हतं. पण जाळं दुरुस्त करणारा माणूस वाळूत पाय पसरून बसतो, जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरतो आणि दोन्ही हातांनी फाटलेलं विणतो. बाबीकाका मालवणच्या किनाऱ्यावर त्या कामात पहिल्या नंबरचा. वय झालं होतं, पुढे दर्यावर जाणं कमी होणार होतं, आणि मग हाच उद्योग राहणार होता. माझ्या टेबलाशी बसून त्याने तो पट्टी बांधलेला पाय पुढे केला आणि म्हणाला, "ह्यो आंगठो गेलो तर जाळा कोण धरतलो? तुमचो डाक्टर?"

मी त्याला समजावलं की भाताच्या आधी पोटात पाला गेला की भात आपोआप कमी जातो. दोन्ही वेळा, आधी चार करवंट्या पाला.

"बाईनू," तो म्हणाला, "माका जाळी विणूची आसत, दूध देवचा नाय."

पण त्याची बायको शेवंता बरोबर होती. शेवंताकाकी मासळीबाजारात बसायची. तिने मान हलवली, चार बोटं दाखवून माप पक्कं केलं आणि नवऱ्याला उठवून घेऊन गेली. मला वाटलं, काम झालं.

पुढच्या सोमवारी बाबीकाका आला तो भिंत धरून. अंगठ्यामुळे नव्हे, पोटामुळे. पहिल्याच दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत तो पाला खात बसला होता. मग दोन दिवस परसात जाणं-येणं एवढंच केलं. पोटाला आराम म्हणून त्याने पुढचे दोन-तीन दिवस नुसत्या पेजेवर काढले, आणि पेजेत चवीला गूळ घातला. तपासणीत रंग विटकरी आला.

या रंगांचं सांगायला हवं. साखर बघायची पद्धत अशी: काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि विटेसारखं तांबडं झालं तर भरपूर. बाबीकाका हे सगळं खिडकीतून टक लावून बघत असे.

"कालच्या रोज तांबडी भाजी खाल्लंय," तो विचार करून म्हणाला. "म्हणान तांबडो इलो."

त्या दिवसापासून त्याने लाल माठ कायमचा सोडला.

मी शेवंताकाकीला विचारलं, पाला कसा मोजलात? तिने पिशवीतून भरलेली करवंटी काढून माझ्या टेबलावर ठेवली. ती ठेवताना आवाज झाला. पाल्याची भरलेली करवंटी ठेवताना आवाज होऊ नये. मी ती बाळांच्या काट्यावर नेली. एका करवंटीत माझ्या चारांपेक्षाही कितीतरी जास्त पाला बसवलेला होता. अशा चार, आणि दोन्ही वेळा. दूध द्यायची गोष्ट बाबीकाकाने उगीच काढली नव्हती.

"काकी, दाबायचं नाही," मी सांगितलं. "पडेल तसं, सैल भरायचं."

तिचा चेहरा पडला. बाजारात सैल माप भरणारीला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. तिने आवाज खाली आणून मला विचारलं, "सैल भरून देवक तो काय गिऱ्हाईक आसा, बाईनू? घोव आसा माझो."

मी तिला हवा, पोकळी वगैरे समजावू लागले. ते ऐकलं बाबीकाकाने. त्याला तर सैल हा शब्दच आवडला. घरी जाऊन त्याने जाहीर केलं की आजपासून करवंट्या तो स्वतः भरणार. त्याने प्रत्येक करवंटीत मुळ्याचं एक लांब पान आडवं टाकलं, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं. लांबून पाहिलं तर करवंटी उतू जात होती. चार करवंट्या, चार पानं. ती खाऊन तो पूर्वीइतकाच भात जेवायचा, वर समाधानाने, कारण पथ्य झालं होतं.

सोमवारी रंग पुन्हा विटकरी.

डॉक्टरांनी पट्टी सोडून जखम पाहिली. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "आणखी एक आठवडा देतो. असंच राहिलं तर मी गोव्याची चिठ्ठी देणार. मग उशीर करून चालायचं नाही." आणि जाता जाता विचारलं, "चार करवंट्या म्हणजे नक्की किती, हो?"

मी म्हटलं, तेच शोधतेय.

त्या दोघांनी दवाखान्याच्या पडवीत बसून माझ्यासमोर भांडण केलं. ती म्हणत होती की ह्यांका चार पानां खाऊन आंगठो रवतलो असा वाटता. तो म्हणत होता की बाईंनी सैल सांगितलं होतं आणि त्याने सैलच भरलं. "चार सांगलास तेवा मेल्लंय. सैल सांगलास तेवा बरो जगलंय. आता आणि काय सांगतलास?" दोघंही माझ्याकडे बघू लागली. त्याचा अंगठा आणि माझा शब्द, दोन्ही पणाला लागलं होतं, आणि खरं तर अंगठ्याचीच मला जास्त काळजी होती.

संध्याकाळी मी मासळीला म्हणून बाजारात गेले. शेवंताकाकीने पाटी उचलली होती आणि ती मागे घराच्या अंगणात उरलेले बांगडे खारवायला बसली होती. मडक्यात मिठाचा थर, वर बांगडे, पुन्हा मीठ, आणि प्रत्येक थराला तळहाताने दाबणं. माल ती न बघता भरत होती, माझ्याशी बोलत होती, आणि हात आपोआप थांबत होता. शेजारीण मदतीला बसलेली, तिचाही हात तसाच. दाबायचं, आणि खालचं आणखी खाली जाईना की थांबायचं. दोघींच्या मडक्यांत बांगडे सारखेच बसत होते.

मला स्वतःचाच राग आला. सैल कुठे थांबतं हे कोणालाच ठरवता येत नाही. एका पानालाही सैल म्हणता येतं, बाबीकाकाने म्हणून दाखवलंच होतं. दाबण्याला मात्र शेवट असतो. हवा संपली की पाला संपला. या किनाऱ्यावरच्या बायकांना दाबू नका म्हणून सांगत बसण्यापेक्षा त्यांना पोटभर दाबू द्यावं आणि भांडंच लहान करावं.

दुसऱ्या दिवशी मी बाळंतिणींच्या खोलीत चहाचा एक कप आणि टोपलीभर पाला घेऊन गेले. सिस्टरने दाबून भरला, स्वयंपाकिणीने भरला, मी भरला. मागे येऊन उभ्या राहिलेल्या एका सासूलाही भरायला लावला. चौघींच्या कपांतल्या पाल्याचं वजन शंभराच्या आसपासच. सिस्टर म्हणाली की सगळ्यात गुटगुटीत सासूचा झाला. माझ्या चार सैल करवंट्या त्या एका कपात बसत होत्या.

हे सगळं मी बाबीकाकाला समजावून सांगणार होते. आकृतीसुद्धा काढून ठेवली होती. पण तो आला तोच तोंड फिरवून, एका पानाच्या पुढे जायचं नाही असं ठरवून. मी त्याच्याकडे पाहिलं, आकृती खणात टाकली आणि म्हटलं, "बाबीकाका, चार करट्यो नको. दोन कप खावा."

त्याने मान वळवली. हा सूर त्याच्या ओळखीचा होता.

"एक," तो म्हणाला.

"दीड."

"एक. त्येच्या वर एक पान नाय."

मी कपाळाला हात लावला, तक्ता पाहिला, खिडकीबाहेर पाहिलं. मासळीबाजारात इतकी वर्षं जाऊन तेवढं येतं. "बरा," मी म्हटलं, "एक. पण भरतली काकी. ती भरतली तसो खावचो."

"भरूंदे. कप तो कप. तेच्यात कितको रवतलो?"

शेवंताकाकीने माझ्या टेबलावरचा कप उचलला, आत तळहात ठेवून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कागदावर लिहीत राहिले. तिने कप पदराआड घेतला आणि म्हणाली की चला, उशीर झालो.

आपण सौदा जिंकला या आनंदात बाबीकाका दोन्ही वेळा तो कप लिंबू-मीठ घालून साफ करू लागला. चुरलेल्या पाल्याचा तो लाडूच असायचा. तो खाऊन भात निम्म्यावर यायचा, आणि हे का होतं ते त्याला कळत नव्हतं. वय झालं, असं तो म्हणायचा. सोमवारी नळीत रंग हिरवा आला. डॉक्टरांनी ती उजेडात धरून मला दाखवली. बाबीकाकाला मात्र त्यात विशेष काही वाटलं नाही. "पालो खातंय तर हिरवोच येतलो मां?" तो म्हणाला. त्यानंतर रंग निळाच राहू लागला, तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला.

"निळो खंयसून इलो?" त्याने मला बाजूला घेऊन विचारलं. "निळा मी कायच खावक नाय."

"दर्यार जलम गेलो," शेवंताकाकी म्हणाली, "तोच भायर पडता आसतलो."

हे त्याला पटलं. गोव्याची चिठ्ठी टळली, जखम हळूहळू भरत आली आणि मग पट्टीही गेली.

तेव्हापासून आमच्या तक्त्यात "एक चहाचा कप, खारे बांगडे भरतात तसा दाबून" असं लिहिलेलं असतं. ते डॉक्टर नंतर बदलून गेले, पण जाताना तक्त्याची एक प्रत मागून घेऊन गेले. घाटावर खारे बांगडे कोण भरतं आणि तिथले लोक त्यावरून काय समजले असतील, याची मला अधूनमधून काळजी वाटते. हल्ली आमच्याकडे बारीक वजनाचा नवा काटा आला आहे. तो कपाटात असतो, कारण बिघडला तर जबाबदारी कोणाची हे अजून ठरलेलं नाही.

परवा मी बांगडे घ्यायला किनाऱ्याकडे गेले होते. बाबीकाका होडीच्या सावलीत पाय पसरून बसला होता. आजूबाजूला चारपाच खलाशी जाळं पसरून बसलेले. मला बघताच त्याने हात वर केला आणि त्यांना ओरडून सांगितलं, "ह्यी बघा. ह्या बाईंका मी चार करट्यांवरसून एका कपार हाडलंय."

सगळे हसले. शेवंताकाकी खाली मान घालून बांगडे निवडत होती. मी पिशवी उघडून पुढे धरली.

"गो," बाबीकाका तिला म्हणाला, "बाईंक दोन बांगडे वर घाल. हरलेली आसत ती."

त्याने जाळ्याचं टोक डाव्या अंगठ्यात अडकवलं, पाय ताणला आणि पुन्हा विणायला सुरुवात केली. शेवंताकाकीने दोन बांगडे माझ्या पिशवीत घातले, मग आणखी एक घातला, आणि वरून तळहाताने दाबला.